न घेतलेल्या तीन गाड्या

माझे वडील सांगलीत एका डॉक्टरांचे ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. तीसेक वर्षं त्यांनी डॉक्टरांच्या गाड्या चालवल्या, धुतल्या, गॅरेजला नेल्या, जुन्या झाल्यावर गिऱ्हाईक शोधून विकल्या. आमच्या स्वतःच्या दारात सायकलीपलीकडे कधी काही उभं राहिलं नाही. लहानपणी त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण डॉक्टरांची गाडी आमचीच आहे अशी माझी समजूत होती. ती कोणी मोडली ते आता आठवत नाही.

आई गेल्यावर मी अण्णांना सिंगापूरला घेऊन आलो. त्याच्या दोन वर्षं आधीच त्यांनी नोकरी सोडली होती. गुडघे धरतात, क्लच दाबवत नाही, एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. आंग मो किओतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर एकटे असायचे. मी जवळच्याच एका कंपनीत, बायको तांजोंग पगारला ऑफिसात, मुलगी शाळेत. संध्याकाळी आम्ही परतलो की ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले दिसायचे आणि विचारायचे, "आलात? चहा टाकू?"

त्याच सुमाराला माझ्या डोक्यात गाडीचं आलं. खरं तर आम्हाला गरज नव्हती. खाली बस, पलीकडे एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याला मागच्या सीटवर बसवून नेलं, त्याला एकदा तरी मागे बसवून ईस्ट कोस्टला समुद्रावर न्यावं, असं मला फार वाटायला लागलं.

"हे अण्णांना हवंय की तुला?" बायकोनं विचारलं.

"दोघांना," मी म्हणालो. अण्णांना मी विचारलेलंच नव्हतं.

नवी गाडी आमच्या आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी पाहायची ठरली. इथं गाडी ठेवायला सीओई नावाचा दहा वर्षांचा परवाना लागतो. तो संपला की नवा काढा, नाहीतर गाडी मोडीत द्या किंवा परदेशी पाठवा. जुनी गाडी घ्यायची म्हणजे तिची उरलेली वर्षं घ्यायची. अण्णांना हे समजावून सांगितलं.

"म्हणजे चालती गाडी मोडीत?"

"हो."

"तिला काही झालेलं नसलं तरी?"

"तरी."

"मग बघताना नीट बघायला पाहिजे," ते म्हणाले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी कशात लक्ष घातलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधीच ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

पहिली गाडी चंदेरी रंगाची होती. जुन्या गाड्या विकणाऱ्यांची एक कित्येक मजली इमारत आहे, तिथं चौथ्या मजल्यावर ती उभी होती. इतकी चकचकीत, की मी मनातल्या मनात घेऊनही टाकली. विक्रेता तरुण होता, गोड बोलत होता. एकाच मालकाची गाडी, एकदाही कुठं लागलेली नाही, असं त्यानं दोनदा सांगितलं. अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. पण ते आत वाकून पाहत बसले नाहीत. त्यांनी कडेच्या बोल्टांवरून बोटं फिरवली, मग दरवाजाचं रबर ओढून आतल्या पत्र्यावरून अंगठा नेला. दोन्ही बाजूंनी. मग मला म्हणाले, "ही डावीकडून जोरात आपटलेली आहे. दार बदललंय. त्याला विचार."

मी विचारलं. त्यानं आधी नाही म्हटलं. अण्णांनी माझा हात धरून माझं बोट त्या पत्र्यावर ठेवलं. रंगाची जाड, खरबरीत कड लागली. विक्रेत्यानं पाहिलं आणि तो आत जाऊन मॅनेजरशी बोलून आला. मग म्हणाला, हो, एक लहानसा अपघात झालेला आहे.

त्या रात्री जेवताना मी ही गोष्ट बायकोला आणि मुलीला तीन वेळा सांगितली. मुलगी म्हणाली, "आजोबा, you damn steady lah." त्याचा अर्थ, की आजोबा एकदम भारी, मी सांगितल्यावर अण्णा लाजले. ते सगळं बोटांनी तपासत होते, डोळ्यांनी नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. ते त्यांचं कसब आहे असंच मला वाटलं, आणि कसब तर ते होतंच.

दुसरी गाडी आमच्याच भागातल्या एका चिनी गृहस्थांची होती. सत्तरीचे असतील. इथं आपण अशा माणसांना अंकल म्हणतो, तसं मीही म्हणू लागलो. त्यांची बायको वारली होती आणि ते मुलीकडे राहायला जाणार होते. गाडी गर्द हिरवी, चार वर्षं शिल्लक असलेली, आणि हातानं गिअर टाकायची, जी इथं सहसा मिळत नाही. त्यांच्या इमारतीजवळच्या बहुमजली कारपार्कमध्ये, पाचव्या मजल्यावर ती होती. दुपारची वेळ असल्यानं मजला जवळजवळ रिकामा होता.

अण्णा आणि अंकल यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण अण्णा जिथं हात लावत तिथं अंकल मान डोलवत आणि मला म्हणत, "युअर फादर नोज." अण्णांनी गिअरच्या दांड्यावर पंजा ठेवला आणि तो तिथंच राहिला. ते पाहून अंकलनी किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. याच मजल्यावर एक फेरी मारू दे त्यांना, असं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं.

"नको," अण्णा म्हणाले. "तूच चालव."

"अहो चालवा ना," मी म्हणालो. "तुमच्याइतकी कोणाला कळणार? एक फेरी फक्त."

त्यांनी तळवे पँटला पुसले. पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मागे जाऊन बसलो. मला ते फार गमतीचं वाटत होतं, की अण्णा पुढं आणि मी मागे. अंकल अण्णांच्या शेजारी बसले. गाडी इतकी अलगद निघाली की निघाल्याचं कळलंही नाही. पहिलं वळण त्यांनी असं घेतलं की अंकलनी मागे वळून मला अंगठा दाखवला. आरशात अण्णांच्या चेहऱ्याची कडा दिसत होती. ते जवळजवळ हसत होते.

दुसऱ्या वळणावर डावीकडचा सिमेंटचा खांब आला. लपलेला नव्हता. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, माणसापेक्षा रुंद खांब. मला वाटलं आता ते उजवीकडे घेतील. त्यांनी घेतलं नाही. पत्रा खरवडल्याचा लांबलचक आवाज त्या रिकाम्या मजल्यावर घुमला आणि गाडी थांबली.

मी खाली उतरलो. डाव्या दाराला, मागच्या मडगार्डपर्यंत, खोल ओरखडा पडला होता. परक्या माणसाची गाडी. मला लाज वाटली, आणि ती लाज मी अण्णांवर काढली.

"अहो, एवढा मोठा खांब! दिसत नाही का तुम्हाला?"

अण्णा अजून स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांनी समोर पाहतच उत्तर दिलं.

"नाही दिसत."

मला वाटलं ते रागानं बोलले. मग पाहिलं, तर ते मान पूर्ण डावीकडे वळवून तो खांब शोधत होते.

अंकल माझ्याकडे आले नाहीत. ते फिरून अण्णांच्या दाराशी गेले, त्यांना हाताला धरून उतरवलं आणि शेजारच्या कठड्यावर बसवलं. दुरुस्तीचं मी बघतो, असं मी म्हणायला लागलो तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. मग स्वतःचा पंजा अण्णांच्या डाव्या कानाजवळून हळूहळू पुढं आणला. पंजा नाकासमोर आला तेव्हा कुठं अण्णांची नजर हलली.

"माय वाइफ ऑल्सो लाइक धिस," अंकल मला म्हणाले. "गो क्विक. डोंट वेट."

दोन दिवसांत आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याची कड गेलेली. जे गेलं ते परत येणार नाही, उरलेलं थेंबांनी राखता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. पुढच्या तपासणीसाठी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. अण्णांच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं, म्हणून ते डोळे मिटूनच बोलत होते.

"गुडघ्यांमुळं नाही सोडली मी नोकरी," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळलो.

"डॉक्टरांना मिरजेहून घेऊन येत होतो. दिवस होता चांगला. रस्त्याच्या कडेनं एक बाई चालली होती, डोक्यावर वैरणीचा भारा. डाव्या अंगाला. मला ती दिसलीच नाही रे. धक्का बसला तेव्हा कळलं. मनगट मोडलं तिचं. डॉक्टरांनी स्वतः प्लास्टर घातलं, औषधपाणी सगळं केलं. मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली."

"आईला माहीत होतं?"

"नाही. डॉक्टर म्हणाले होते, डोळे तपासून घे. मी गेलो नाही. तपासणीत डोळ्यांचं काही निघालं असतं तर ती बाई माझ्यामुळं पडली हे पक्कं झालं असतं."

"मग त्या दिवशी किल्ली का घेतलीत?"

"तू म्हणालास," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "नाही, तसं नाही. मलाच हात लावावासा वाटला. मोकळी जागा होती. म्हटलं, एकदा."

ती हिरवी गाडी आम्ही घ्यावी असं मला वाटत होतं, निदान भरपाई म्हणून. अण्णांनी साफ नाही म्हटलं. "तिच्याकडं बघून मला रोज तेच आठवेल." पुढं अंकलनी दार दुरुस्त करून गाडी दुसऱ्या कोणाला दिली आणि मला तिचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, फादर हाऊ?

तिसरी गाडी माझ्या ऑफिसातल्या एका मित्राची. तो कुटुंबासकट पुण्याला परतत होता. उंच, ऐसपैस, सात जणांची गाडी. मित्र म्हणाला, रविवारी घेऊन जा, चालवून बघ, मग ठरव. आम्ही अण्णांना मागच्या सीटवर बसवलं आणि ईस्ट कोस्टला निघालो. जे मला इतके दिवस हवं होतं तेच अखेर घडत होतं.

अण्णा पाठ न टेकता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. दर वळणाला विचारत, "आता कुठं आलो?" बायको सांगत होती, मुलगी खिडकीतून दिसेल ते इंग्रजीत वाचून दाखवत होती. पण मी ब्रेक लावला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा, ते मला आरशात दिसत होतं. समुद्रावर पोहोचल्यावर ते उतरले आणि एका झाडाला धरून उभे राहिले.

"मळमळतंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही गं. गाडी चांगली आहे. मला मागं बसता येत नाही, एवढंच. कधी बसलोच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या मनासारखी आहे ना? मग घे. माझ्याकडं बघू नकोस."

परत जाताना मी त्यांना पुढं, माझ्या शेजारी बसवलं. डावी बाजू. तिथून त्यांना खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ते स्वस्थ बसले. सोमवारी मी मित्राला नाही म्हणून सांगितलं.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी गाड्यांचं नाव काढलं नाही. दर तीन महिन्यांनी अण्णांना तपासणीला न्यायचो, एमआरटीनं. आमच्या भागातली नवी लाइन ड्रायव्हरविना चालते. हे कळल्यावर त्यांनी पहिल्या डब्यात जायचा हट्ट धरला. तिथं पुढं मोठी काच आहे. दांडा धरून ते तिथं उभे राहायचे, उजवा डोळा काचेशी, आणि बोगद्यातले दिवे अंगावर येताना पाहायचे. लहान मुलं खेटून उभी राहायची, त्यांना ते जागा करून द्यायचे. मी मागे उभा असायचो. त्यांना धरायची गरज नव्हती, पण मी त्यांच्या शर्टाची कड धरायचो.

अशाच एका फेरीत मी त्यांना म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी कारपार्कमध्ये मी तसं बोलायला नको होतं. परक्या माणसासमोर."

"बरं झालं बोललास," ते काचेकडे पाहतच म्हणाले. "तू ओरडला नसतास तर मी म्हणालो असतो, ऊन डोळ्यावर आलं."

पुढच्या उन्हाळ्यात ते सांगलीला माझ्या बहिणीकडे राहायला गेले. डोळ्यांचं जे व्हायचं ते कुठंही होईल, तिथं निदान वाटा पाठ आहेत, असं त्यांचं म्हणणं. ते गेल्यावर सहा महिन्यांनी आम्ही एक लहान निळी गाडी घेतली, जुनीच, एका दुपारी, फारसं काही न तपासता. मुलीच्या क्लासला, बाजाराला उपयोगी पडते. अण्णा तिच्यात बसलेले नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. उजवा डोळा आहे तसा आहे म्हणाले. मग म्हणाले, जावईबापूंना घेऊन त्या बाईंच्या घरी जाऊन आलो. डॉक्टरांकडून पत्ता घेतला होता.

"ओळखलं त्यांनी?"

"नाही. सांगितलं मी, की गाडी माझ्या हातात होती. डावीकडचं दिसत नाही मला, तुम्ही दिसला नाहीत, पण डोळे तपासायचे मी टाळले, ती चूक माझी."

"मग?"

"म्हणाली, हात थंडीत दुखतो. अजून भारा उचलवत नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. मग तिनं सुनेला चहा ठेवायला सांगितलं."

"घेतलात?"

"घेतला," अण्णा म्हणाले. "तिनं कप माझ्या हातात दिला. उजव्या बाजूनं."