बोरीवालीची पोखर्णीवाली झाली

त्या दुपारी आम्ही दोघं नवरा-बायको ओट्यावर बसून अंबाडीची भाजी खुडत होतो. "देठं बाजूला टाका की, दातात येतील," ती म्हणाली. तेवढंच. दिवस मावळायच्या आत गेली.

पोखर्णीतल्या भावकीला अन् तिथून बाहेर पडलेल्यांना हे लिहायलोय. बसलं तर बसवत न्हाई, उठलं तर कुठं जावं कळत न्हाई.

तिचं माहेर बोरी. निजामाच्या टायमाला लग्न होऊन पोखर्णीत आली. आपल्यात सुनेला माहेरच्या गावानं हाक मारतात, म्हणून ती बोरीवाली. लेकरं झाली, लेकरांची लग्नं झाली, केस पिकले, तरी बोरीवालीच.

थोरल्याला चुडाव्याला रेल्वेच्या गँगवर काम लागलं. दुष्काळात विहीर आटली तवा आम्हीबी त्याच्याकडं आलो. इथं मी झालो पोखर्णीकर. जन्मभर पोखर्णीत राहिलो, कुणी पोखर्णीकर म्हणलं न्हाई. कशाला म्हणतील? तिथं सगळे तिथलेच. गाव सुटलं की मग त्याचं नाव माणसाला चिकटतं.

अन् ती झाली पोखर्णीवाली. लय हसली. "इतकी वर्षं तिथं राबले, तवा कुणी पोखर्णीची म्हणलं न्हाई. सोडून आले अन् झाले बघा!" मग एकदम म्हणाली, "मेल्यावर मला तिकडं नेऊ नका. परत बोरीवाली व्हायचं न्हाई मला."

निरोप गेला तसा धाकटा भाऊ आला. "दादा, वहिनीला गावी न्यायचं. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? बोरीवालीला आणलं म्हणतील."

चुडाव्यातच अग्नी दिला. परत आल्यावर भाऊ म्हणाला, "तुमी तरी चला आता. घर हाय, शेत हाय."

मन लय ओढलं. उठून पिशवीत धोतर भरलं, परत काढलं. तिथं माझं सगळं हाय. पण तिला पोखर्णीची म्हणणारं तिथं एक माणूस न्हाई. जी काय हायेत ती इथं.

सकाळी भावाला परभणीच्या गाडीत बसवलं. घरी आलो अन् सून नको नको म्हणत असताना तिची घागर उचलून हापश्यावर गेलो. बायांची ही रांग. मी मागं उभा राहिलो.

"सरका गं," पुढची एक जण म्हणाली, "पोखर्णीवालीचा नंबर हाय."

बाया सरकल्या. एकीनं दांडा हापसला. मी घागर भरून घेतली.