निरंक

“समुद्राचा आणि तुमच्या जालन्याचा काय संबंध?” हा प्रश्न लोक मला अजूनही विचारतात आणि मी अजूनही चिडते. खाडीच्या चिखलातले जीव मोजणं हे माझं काम. दर महिन्याला ओहोटीच्या वेळी त्याच जागी लोखंडी चौकट टाकायची आणि आत सापडलेले शिंपले, खेकडे, किडे लिहून घ्यायचे. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर वाढलेले सहकारी गुडघाभर रुतले. मी परतूरकडच्या काळ्या रानात पावसाळे काढलेली. चिखलातून पाय कसा उपसायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

दिवाळीला गावी होते. आईसोबत करंज्या लाटताना ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून स्पीकर लावला. माझ्या खाडीवर बोटींसाठी धक्का बांधायचा होता आणि माझा अहवाल आडवा येत होता. तिथल्या शिंपल्यांवर कितीतरी बायकांच्या चुली पेटतात.

“मॅडम, प्राण्यांच्या रकान्यात निरंक लिहा,” साहेब गोड आवाजात म्हणाले. “तुमचं कंत्राट संपत आलंय, माहीत आहे ना?”

‘निरंक’ ऐकून आईनं लाटणं खाली ठेवलं. हा शब्द आमच्या घराच्या ओळखीचा. मी शाळेत असताना गारपिटीनं हरभरा झोडपला होता. पंचनाम्याला आलेल्या बाबूनं मोटारसायकलवर बसल्या बसल्याच नुकसानीपुढं निरंक लिहिलं. आईनं गाडीची चावीच काढून घेतली होती. “खाली उतरा. आधी बराबर मोजा, मंग काय लिव्हायचं ते लिव्हा!” बाबू नव्या बुटांनिशी चिखलात उतरला.

आता तिनं मला एवढंच विचारलं, “तिथं खरंच काई न्हाई का?”

“खच्चून आहे.”

“तू सोता मोजलं?”

“दर महिन्याला.”

“मंग काहून गप बसून राह्यली?”

मला माझीच लाज वाटली. फोन चालूच होता. म्हटलं, “साहेब, पुढच्या ओहोटीला या. चिखलात उतरा, मोजा आणि निरंक तुमच्या सहीनं लिहा. माझी सही मिळणार नाही.”

साहेब आले नाहीत. कंत्राटही गेलं. धक्क्याचं अजून ठरायचंय. मी पोटापुरते तास कॉलेजात घेते आणि ओहोटीला चौकट घेऊन खाडीत जाते. आता शिंपले काढणाऱ्या बायकाही माझ्यासोबत मोजतात. परवा त्यांच्यातली एक हसत म्हणाली, “बाई, तुमच्या जालन्यात समुद्र किती?”

“निरंक,” मी म्हटलं. “पण हे मी बघून सांगतेय.”