ज्याचं संत्रं, त्याचा गोल

जिंकणाऱ्या टीमकडे फोटो असतात आणि हरणाऱ्या टीमकडे किस्से. आमच्या कारखान्याच्या हॉकी टीमचा फोटो एकच आहे, तोही हललेला. बाकी सगळे किस्सेच. आम्ही जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटलो की बिर्याणी येईपर्यंत चार होतात, आल्यावर आणखी दोन. आणि त्यातला एकही लीगच्या मॅचचा नसतो. सगळे प्रॅक्टिस मॅचचे! लीगमध्ये आम्ही सरळ हरायचो, त्यात सांगण्यासारखं काय असणार?

तर मी भास्कर, राहणार काचीगुडा. विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका सरकारी कारखान्यात टेम्पररी. कागदावर हेल्पर, प्रत्यक्षात दुसरा गोलकीपर. पहिला गोलकीपर यादगिरी, तो स्टोअरमध्ये पर्मनंट. आमचे कोच हमीद उस्ताद. लीगच्या आधी महिनाभर ते मलकपेठच्या मैदानावर दहा-बारा प्रॅक्टिस मॅच लावत. कोण खेळणार, कुठे खेळणार, कुठल्या सिस्टिमने खेळणार, ते त्या महिन्यात ठरे. माझं काय होणार, तेही त्यातच ठरायचं होतं. पण ते शेवटी सांगतो.

*

समोरची टीम कधीच पूर्ण येत नसे. कॉलेजवाल्यांची परीक्षा असे, बँकवाल्यांना सुट्टी मिळत नसे, कुणाची बस चुके. नऊ जण यायचे, फार तर दहा. न आलेल्यांत गोलकीपर हमखास असायचा, कारण पॅडांचं ते गाठोडं घेऊन सिटी बसमध्ये कंडक्टर चढू द्यायचा नाही. मग त्यांचा कोच आमच्या उस्तादांकडे बघे आणि उस्ताद माझ्याकडे.

"भास्कर, उधर."

पहिल्या वर्षी मी अकरा प्रॅक्टिस मॅच खेळलो. अकराही आमच्याच विरुद्ध! आमच्या टीमचा गोल मला कायम मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसला.

संध्याकाळी घरी गेलो की वडील विचारायचे, "काय, जिंकलात का?"

मी म्हणायचो, "कोण?"

*

एकदा कॉलेजच्या गोलमध्ये उभा होतो. दुसऱ्या हाफमध्ये आमचा सलीम बॉल घेऊन आला. सलीम म्हणजे आमचा सेंटर फॉरवर्ड, वेल्डिंगमधला, दोस्त माणूस. शॉट अगदी हलका होता. मी मनात म्हटलं, आपलाच माणूस आहे, होऊ दे बिचाऱ्याचा गोल. आणि जरासा बाजूला झालो.

उस्तादांनी शिट्टी मारली. मॅच थांबली. ते सावकाश चालत माझ्यापर्यंत आले.

"काइकू छोड़ा?"

"उस्ताद, अपनीच टीम का गोल था."

"हाफ टाइम में संतरे किसके खाया?"

"कॉलेजवालों के."

"कित्ते?"

"दो."

"तो फिर? जिसका संतरा खाया, उसका गोल बचाना. इत्ता बी नै समझता तो पॅडाँ उतार, घर कू जा."

पुढच्या मॅचपासून हाफ टाइम झाला की सलीम मैदान ओलांडून माझ्याकडे यायचा आणि हळूच सांगायचा, "मियाँ, नक्को खा."

*

त्या दिवसांत घरोघरी केबल नवीन नवीन लागत होती. यादगिरीच्या घरी उस्तादांनी युरोपातल्या टीमांची एक मॅच पाहिली आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं, "पाँच फॉरवर्ड का जमाना गया. अब नया सिस्टिम."

नवा सिस्टिम आम्हाला कळेना. मग उस्ताद बेगम बाजारात गेले आणि तीन पुड्या घेऊन आले. मैदानाच्या कडेला टॉवेल अंथरला. पुढे सुपाऱ्या, त्या फॉरवर्ड. मध्ये बदाम, ते हाफ. मागे खारका, त्या बॅक. गोलमध्ये एक अक्रोड.

मी विचारलं, "उस्ताद, अक्रोड म्हणजे मी का यादगिरी?"

"यादगिरी."

"मग मी?"

"तू पुड़िया में है."

अर्धा तास टॉवेलवर मॅच चालली. सुपाऱ्या पुढे सरकत होत्या, खारका मागे येत होत्या. मध्येच उस्ताद थांबले. टॉवेलची डावी बाजू रिकामी दिसत होती.

"लेफ्ट हाफ किदर है?"

सगळे टॉवेलवर शोधायला लागले. सलीमचं तोंड तेवढं हलत होतं.

"खा गया? अब तूच खेल उसकी जगा!"

शिक्षा म्हणून सलीम त्या दिवशी लेफ्ट हाफ खेळला. इतका चांगला खेळला, की बारा वर्षांनी रिटायर होईपर्यंत तो लेफ्ट हाफच राहिला. आमच्या टीमला सापडलेला सगळ्यात चांगला हाफ असा एका बदामामुळे सापडला!

*

मैदान मलकपेठला असल्यामुळे रेसच्या दिवशी घोड्यांवर पैसे लावणारे लोक आमच्या समोरून जायचे. त्यातले एक म्हातारे चाचा रेसकोर्सला जाण्याआधी दहा मिनिटं आमचा वॉर्मअप बघत उभे राहत. हॉकीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त पाय बघत.

एकदा जाता जाता उस्तादांना म्हणाले, "वो सात नंबर दूसरे हाफ में बैठ जाएगा."

चाळिसाव्या मिनिटाला सात नंबर मांडी धरून बसला.

पुढच्या आठवड्यात म्हणाले, "ये लंबेवाले कू शुरू में मत दौड़ाओ, आख़िर में छोड़ो." उस्तादांनी लंब्याला शेवटची पंधरा मिनिटं सोडलं आणि त्याने दोन गोल केले. तेव्हापासून उस्ताद टीम लिहिण्याआधी चाचांची वाट बघायला लागले. आमच्या सेक्शनच्या फोरमनला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "सिलेक्शन कमिटीपेक्षा बरं आहे, निदान पाय तरी बघतात."

चाचांना स्वतःला रेसमध्ये कधी काही लागल्याचं आम्ही ऐकलं नाही.

एक दिवस मी धीर करून त्यांच्यापुढे उभा राहिलो. तेव्हा मी बँकेच्या जर्सीत होतो, अर्थात उसना. चाचांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "घोड़ा अच्छा है. तबेला ग़लत है."

*

मग आमच्याकडे लिमये साहेब आले. मूळचे पुण्याचे, पर्सोनेलचे नवे मॅनेजर. ते दिवसच असे होते, की सरकारी कारखान्यांत रोज एक नवीन इंग्रजी शब्द येत होता आणि प्रत्येक शब्दामागे चार माणसं घरी जात होती. भरती बंद झाली होती. पन्नाशीच्या लोकांना कँटीनमध्ये स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म वाटले जात होते, आणि ते स्वेच्छेने कोणी घेत नव्हतं.

लिमये साहेब एकदा प्रॅक्टिस मॅचला आले ते क्लिपबोर्ड घेऊन. ऑफिसातल्या कर्मचाऱ्यांना मार्क देण्याचा जो फॉर्म होता, तोच त्यांनी टीमसाठी आणला होता. पुढाकार, वक्तशीरपणा, वरिष्ठांशी वागणूक. त्यांनी यादगिरीकडे बोट केलं आणि उस्तादांना विचारलं, "इसने सत्तर मिनिट में छे बार काम किया. बाकी टाइम क्या करता है?"

"खड़ा रहता साब."

"खड़ा रहने के लिए दो आदमी हैं?"

तिथेच माझं मरण लिहिलं गेलं.

दोन दिवसांनी त्यांनी मला कॅबिनमध्ये बोलावलं. मराठी ऐकून जरा खूश झाले. म्हणाले, "तुम्ही काय करता?"

"सर, दुसरा गोलकीपर."

"पहिला आहे ना?"

"आहे सर."

"मग?"

मी नमस्कार करून उठलो. बाहेर आलो तेव्हा नोटीस बोर्डावर सर्क्युलर लागलं होतं. टीममधले जादा टेम्पररी महिनाअखेर कमी करणार. आणि त्याच कागदावर खाली, खेळाडूंच्या कोट्यात एक पर्मनंट जागा भरणार, पण फक्त बाहेरच्या गुणी खेळाडूसाठी. कारखान्यातल्या टेम्पररींनी अर्ज करू नये!

मी ते तीनदा वाचलं. कारखान्यात असल्यामुळे मी जाणार होतो आणि कारखान्यात असल्यामुळेच मला घेता येत नव्हतं. घरी वडिलांनी परभणीच्या एका स्थळाचं पत्र जपून ठेवलं होतं. "मुलगा पर्मनंट झाला की कळवावे." ते पत्र मी त्या रात्री हळूच गादीखाली सरकवलं. बघवत नव्हतं.

*

शेवटची प्रॅक्टिस मॅच कॉलेजशी होती. लिमये साहेब येणार आणि यादी पक्की करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मॅचच्या आधी यादगिरी लंगडत आला. गुडघ्याला ही जाडजूड पट्टी.

मी घाबरलो. तो माझ्या कानात म्हणाला, "एम् कादु रा! काही झालं नाही. आज तू आपल्या गोलमध्ये उभा राहा. साहेबाला दिसू दे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं ज्याच्या जागेवर माझा डोळा होता, तो माणूस आपणहून जागा सोडत होता.

उस्ताद आले. त्यांनी पट्टीकडे बघितलं.

"क्या हुआ?"

"घुटना, उस्ताद."

"अच्छा. जरा बैठ के उठ."

यादगिरी बसला आणि उठला. उठताना लंगडायचं विसरला.

"पट्टी उतार, गोल में जा," उस्ताद म्हणाले. मग त्यांनी पलीकडे पाहिलं. कॉलेजचे दहाच आले होते. गोलकीपर नव्हता.

"भास्कर, उधर."

त्या क्षणी मला उस्तादांचा इतका राग आला, की हेल्मेट घालताना पट्ट्याचं बक्कल लागेना. आज तरी! आज तरी नाही म्हणायचं होतं या माणसाने!

*

कॉलेजची पिवळी जर्सी घालून मी उभा राहिलो. लिमये साहेब खुर्ची टाकून बसले, शेजारी उस्ताद. मनात म्हटलं, नोकरी तर गेलीच आहे, आता एकही आत जाऊ द्यायचा नाही. रागाने खेळलो. पहिल्या हाफमध्ये पाच अडवले. हाफ टाइमला सलीम नेहमीप्रमाणे आला. त्याच्यासमोर मी दोन संत्री सोलून खाल्ली.

दुसऱ्या हाफमध्ये आमच्या नव्या सिस्टिमने माझ्यावर नुसता मारा केला. लंब्याचा शॉट पायाने काढला. सलीमचा पेनल्टी स्ट्रोक डावीकडे झेपावून अडवला. आणि शेवटच्या मिनिटाला कॉलेजच्या एका पोराने यादगिरीला चकवून गोल केला. एक-शून्य. आम्ही हरलो, म्हणजे मी जिंकलो.

मी खुर्च्यांपासून वीसेक पावलांवर, पाठ करून पॅडं सोडत बसलो. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. मागून लिमये साहेबांचा आवाज आला.

"ये कॉलेज का कीपर कौन है?"

उस्ताद म्हणाले, "काचीगुड़े का लड़का है, साब."

"नोकरी करता है?"

"टेम्पररी करता कहीं तो बी. वो बी जा री अब."

"हमारे यहाँ आएगा?"

"टेम्पररी पे तो नै आएगा, साब. पर्मनंट देते तो पूछ के देखतूँ."

"पूछिए."

उस्ताद वीस पावलं चालत माझ्यापाशी आले. चेहरा नेहमीसारखाच.

"साब पूछ रे, कंपनी में आता क्या?"

"उस्ताद, पण मी तर..."

"हौ या नक्को. एक बात बोल."

"हौ."

ते वीस पावलं परत गेले. मला स्पष्ट ऐकू आलं.

"बड़ी मुश्किल से माना, साब."

महिनाअखेर मला एक पाकीट आलं. आत दोन पत्रं होती. पहिल्यात माझी टेम्पररी सेवा संपल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्यात पर्मनंट नेमणूक. दोन्हीवर माझंच नाव, वडिलांचं नाव, काचीगुड्याचा पत्ता. दोन्हीवर लिमये साहेबांची सही, एकाच शाईतली.

हजर व्हायला त्यांच्या कॅबिनमध्ये गेलो. टेबलावर माझी जुनी फाईल होती आणि तिच्यावर नवी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "आधीची टीम अशी अचानक सोडून आलात. त्यांची काही अडचण नाही ना होणार?"

मी म्हणालो, "नाही सर. त्यांच्याकडे पहिला आहे."