एका हाताने खेळता येईल असा कन्सोल

काल दुपारी आम्ही नौपाड्यात फिजिओथेरपीला गेलेलो, मी आणि माझा नवरा निखिल. डोंबिवलीहून कॅबने ठाणं गाठायचं, मग त्याला धरून क्लिनिकचा जिना चढवायचा... पोचेपर्यंत माझ्यातच जीव उरत नाही. आणि वर गेलो तर नंबराला वेळ होता.

निखिलला गेल्या वर्षी स्ट्रोक आला. बोलणं हळूहळू बरंचसं परत आलं, पाय ओढत का होईना चालतो. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहतो. अजून चाळिशीही आलेली नाही त्याची.

त्याला गेम्सचं भयंकर वेड. हातात धरून खेळायचा कन्सोल ऑफिसच्या बॅगेत कायम असायचा. आजारपणानंतर मीच तो कपाटात वरच्या खणात, चादरींच्या मागे ठेवला. समोर दिसला की त्याला त्रास होईल असं वाटलं. त्यानेही कधी विचारलं नाही.

तसं तो हल्ली काहीच विचारत नाही. गणपतीला गावी जाऊया का, गॅलरीला जाळी बसवूया का... पुढचं काहीही काढलं की उत्तर एकच, "बघू." खरं सांगते, त्या एका शब्दाने मला कामापेक्षा जास्त दमवलंय.

तर काल वाट बघताना त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्याच्या जुन्या गेमिंग ग्रुपवर कुणीतरी विचारलेलं, पुढच्या कन्सोलमध्ये तुम्हाला काय काय हवं? लोकांनी लिहिलेलं... मोठी स्क्रीन, दिवसभर टिकणारी बॅटरी, गरम न होणारी बॉडी.

मी "छान" म्हटलं आणि डोळे मिटले. मला फक्त जरा वेळ शांत बसायचं होतं.

"माझं पण लिही ना," तो म्हणाला.

"काय लिहू?"

"सगळी बटणं डाव्या हाताला लागतील अशी हवीत. काही मागच्या बाजूला दिली तरी चालतील. आणि वजन कमी... एका हातात धरला की मनगट भरून येतं. मांडीवर ठेवला तर घसरतो. पट्टा हवा, मांडीला बांधायला."

मी टाइप करता करता थांबले. "घसरतो? तुला काय माहीत?"

तो खाली बघायला लागला. "तू ऑफिसला गेलीस की काढतो."

"वरच्या खणातून? कसा?"

"छत्रीच्या मुठीने ओढला. बेडवर पडला बरोबर. आता गादीखाली असतो."

मी भडकले. तोल गेला असता म्हणजे? घरात कोण होतं उचलायला? वेटिंग रूममधल्या बायका वळून बघायला लागल्या. तो मात्र तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसला. मग मीही त्याचं राहिलेलं टाइप करून टाकलं.

"असा कन्सोल निघेल का रे?" मी विचारलं.

"निघेल. पुढचा नाही तर त्याच्या पुढचा. तोवर या अंगठ्याने एक तरी बटण दाबता आलं पाहिजे मला."

आत गेल्यावर हेच त्याने फिजिओ मॅडमना सांगितलं. त्यांनी त्याच्या उजव्या अंगठ्याखाली एक मऊ बॉल ठेवला आणि दाबायला लावलं. अंगठा नुसता थरथरला... दाबला काही गेला नाही. मला बघवेना. तो मात्र म्हणाला, "परत."

परत तेच झालं. "उद्या घरी करू," म्हणाला आणि बॉल मागून घेतला.

घरी आल्यावर मी चहासुद्धा न करता आडवी झाले. पाठ, पाय, डोकं, सगळं ठणकत होतं. आतल्या खोलीतून गेमचे आवाज येत होते... लपवायचं काही उरलं नव्हतं ना आता.

बहुतेक हरत होता, कारण मधूनच सणसणीत शिवी ऐकू येत होती. किती बरं वाटलं म्हणून सांगू...