ओढ्याकाठचा चाबूक

घोडेवाल्याने आम्हाला फसवलं, असं मी नऊ वर्षं सांगत आलोय. फसवलं मी. आधी त्याला, मग माझ्या बायकोला. आणि हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, सख्ख्या भावालाही नाही.

हैदराबादेत दिलसुखनगरला माझं पडद्यांचं आणि चादरींचं दुकान आहे. वडील उदगीरकडून आले, हमाली केली; दुकान मी उभं केलं, बेगमबाजारच्या ठोक व्यापाऱ्यांशी घासाघीस करून, भांडून. आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, की माल घ्यायला गेलात तर नवखे दिसू नका. नवखा दिसला की भाव चढतो. सुरतेला पहिल्यांदा गेलो तेव्हाही मी ‘दर वर्षी येतो’ असंच म्हणालो होतो. हे खोटं का? धंद्यात कोणी खोटं म्हणत नाही. मीही म्हणत नव्हतो.

लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून आम्ही किर्गिझस्तानला गेलो. विमान सगळ्यात स्वस्त, राहणं लोकांच्या घरी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. वंदनाला — ती जामबागच्या एका शाळेत गणित शिकवते — घोड्यावर बसायचं होतं. डोंगरावरच्या तळ्यापर्यंत. आयुष्यात तिने मागितलेली ही एवढी एकच चैन असेल.

घोडेवाल्याचं नाव बाकित. चाळिशीचा, रुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा. आम्ही मोबाइलवर भाषांतर करून बोलत होतो. त्याने विचारलं, घोडा येतो का? येत नसेल तर प्रत्येकाचा घोडा दोरीने धरून न्यायला वेगळा माणूस लागतो. दोन माणसं, भाव दुप्पट.

मी टाइप केलं — आमच्या घरी शेतावर घोडे आहेत. बायको लहानपणापासून बसते.

वंदना तेव्हा घोड्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. तिने ते वाचलं नाही. बाकितने वाचलं, तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, आणि तिच्यासाठी धरलेला म्हातारा घोडा सोडून एक तरणा, तांबूस घोडा आणला. चांगल्या बसणाऱ्याला चांगला घोडा. त्याने मान दिला तिला. माझ्या हातात त्याने एक आखूड चाबूक दिला. माझा घोडा आळशी होता.

तळ्याच्या अर्ध्या वाटेवर त्याने आभाळाकडे बोट दाखवलं आणि घोडे वळवले. वर ढग होते, खरं आहे. पण मला तेव्हा काय वाटलं? की पूर्ण भाव घेऊन अर्धा माल देतोय. खरं सांगू? आजही थोडं तसंच वाटतं. मी ओरडलो. तो शांतपणे पुढे चालत राहिला. माझ्याकडे पाठ करून शांत राहणारा माणूस मला सहन होत नाही. दुकानातल्या पोरींनाही हे ठाऊक आहे. उतरताना तासभर मी आतल्या आत पेटत होतो.

खाली ओढा आला. बाकित पलीकडे गेला. वंदनाचा घोडा पाण्याशी थबकला, कान मागे पाडून. बाकितने पलीकडून हात वर केला — थांबा, मी येतो. ती थांबली. मी तिच्या मागे होतो.

आणि मी पुढे होऊन तिच्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर चाबूक मारला. हळू नाही. जो फटका मला त्या माणसाच्या पाठीत मारायचा होता, तो सगळाच्या सगळा त्या जनावरावर काढला.

घोडा उधळला. ती पडली, पण पाय रिकिबीत अडकला. घोडा तिला ओढ्यातून फरफटत घेऊन गेला. दगडांवर तिचं डोकं आपटत होतं, खांदा आपटत होता, आणि तिच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. बाकितने पाण्यात उडी टाकली. लगाम धरला, छातीवर लाथ खाल्ली, तरी सोडला नाही. चाकूने रिकिबीचा पट्टा कापला.

मी पोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता. एका हाताने तिचं डोकं आणि दुसऱ्याने तिचा निखळलेला खांदा सावरून. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या चाबकाकडे. त्याने पाहिलं होतं. तेवढ्या डोंगरात पाहणारा तो एकटाच.

मी त्याच्या तोंडावर चाबूक मारला. दोनदा. भुवई फाटली, रक्त तिच्या ओढणीवर पडलं. त्याने हात उचलला नाही. उचलला असता तर तिचं डोकं दगडावर पडलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच तर दुसऱ्यांदा मारला.

तिने डोळे उघडले. ‘काय झालं हो?’

मी म्हणालो, ‘याने घोड्याला चाबूक मारला.’

बाकितला आपली भाषा येत नव्हती. त्याला वाटलं असेल मी तिला धीर देतोय. त्याने रक्ताळलेल्या चेहऱ्याने तिच्याकडे पाहून मान हलवली — हो, हो.

तिने ती कबुली समजली.

तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच गणितं लिहिते. आणि पाहुणे आले की मी गोष्ट रंगवून सांगतो. शेजारचे रहीमभाई हसून म्हणतात, ‘हौ मियाँ, तुम्ही तिथेही बेगमबाजार केलात. फटके देऊन आलात की.’ वंदना हसत नाही. ती म्हणते, ‘मान हलवली हो त्याने. लाज पण नाही वाटली.’ मी तिच्या पानात वाढत राहतो.

मागच्या आठवड्यात तिच्या शाळेतल्या एका बाईंची मुलगी नवऱ्याबरोबर तिकडेच निघाली. वंदनाने जुन्या मोबाइलमधून बाकितचा फोटो शोधून काढला. तो फोटो टाकून प्रवाशांच्या संकेतस्थळावर तक्रार करायची, त्याच्याकडे कोणी जाऊ नये म्हणून. काल संध्याकाळी तिने मोबाइल माझ्यापुढे ठेवला. ‘अहो, तुम्हीच लिहा. भांडायचं तुम्हाला येतं.’

मी लिहायला बसलो. आणि हे लिहिलं.

ती आत वह्या तपासतेय, डाव्या हाताने पानं उलटत. लिहून झालं की हे मी तिच्यापुढे ठेवणार आहे. ती वाचेल, मग माझ्याकडे पाहील. तेव्हा दुकानातून फोन आला असं म्हणून मी उठणार नाही. आवाज चढवणार नाही. त्याने अर्ध्यातून वळवलं होतं, हेही मध्ये आणणार नाही. बाकितने तिला वाचवलं. मारलं मी, तिघांनाही. जाब विचारायचा तर तो मला विचारावा, आणि आजच विचारावा.