थेटरबाहेरचं बेसिन
लाल कार्बोलिक साबणाचा वास आला की मला कल्याणचं ते छोटं नर्सिंग होम आठवतं. ऐंशीच्या दशकात मी तिथे नवी सिस्टर होते. जागा एवढीशी, की ऑपरेशनआधी हात धुवायचं बेसिनही थेटरबाहेर पॅसेजमध्येच होतं. त्या सकाळी डॉक्टर कोपरापर्यंत हात घासून, ओले हात वर धरून आत निघाले, तेवढ्यात बाकावरचे आजोबा उठले. मिठागरावर काम करणारा माणूस, आत त्यांच्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन होतं. त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात घट्ट धरले. “डाक्टर, आता सगला तुमचे हातान हाय.” डॉक्टर “हो बाबा” म्हणाले, मागे वळले आणि पुन्हा पहिल्यापासून हात घासू लागले. आजोबांचा चेहरा उतरला. “मी शिवलो म्हनून धुतान का?” त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “माझा हात लागला असता तरी धुतले असते, बाबा. हातावरचे जंतू आत गेले की टाके पिकतात, मग कितीही इंजेक्शनं द्या.” ते मान फिरवून परत बाकावर जाऊन बसले. पटलं नसावं, असं मला वाटलं. बायकोला घरी न्यायच्या दिवशी डॉक्टर राउंडला आल्यावर आजोबा आधी बेसिनकडे गेले आणि कोपरापर्यंत साबण चोळून, ओले हात वर धरून परत आले. तोवर डॉक्टर शेजारच्या खाटेवरची जखम तपासत होते. डॉक्टरांनी हसून हात पुढे केला, तसे आजोबा मागे सरले. “आता तुमी धुवा, मंग धरतो.” डॉक्टर निमूट बेसिनकडे गेले. परवा भाचीचे टाके बघायला आलेला तरुण डॉक्टर दारातल्या सॅनिटायझरच्या बाटलीला हात न लावताच खाटेपाशी आला, तेव्हा माझ्या तोंडून आजोबांचंच “आता तुमी धुवा” निघालं.