गोजरबाईनं नाव घेतलं

डोणगावच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, गोजरबाई कापूस निवडायची. हात चालायचा, त्याहून तोंड जास्त. गावात लग्न कुणाचंही असो, अडलेल्या नवरीला उखाणा पुरवायची गोजरबाईच.

पासष्ट सालचा हंगाम उलटला तरी मालक माणिकरावांनी शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी दिली नाही. बायांनी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. साहेबांनी सगळ्यांना मेहकरच्या कचेरीत बोलावलं.

माणिकराव खुर्चीत रेलून म्हणाले, "साहेब, ह्या बाया माह्याच जिनातल्या कशावरून? यायले आपलं पुरं नाव तरी सांगाले लावा."

साहेब पुण्याकडचे. त्यांना हे रास्तच वाटलं. "बाई, नवऱ्याच्या नावासकट सांगा. त्याशिवाय दावा नोंदवता येणार नाही."

गोजरबाईनं पदर ओढला. नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. हाक मारायची ती 'अवो, आयकलं का' अशीच. मागच्या बायांच्याही माना खाली. माणिकराव मिशीत हसत होते. गावची रीत त्यांना चांगली ठाऊक.

शेजारची चांदबी पुढं झाली. "मी सांगतो साहेब, हिच्या नवऱ्याचं नाव..."

"तुम्ही नाही. ज्यांचं त्यांनी."

चांदबी गोजरबाईच्या कानाशी लागली. "लग्नात त घेतेच ना वं? तसंच घे इथं."

गोजरबाई ताठ झाली, खाकरली.

"कापूस निवडता निवडता बोटाची निघाली साल,
पुंजाजीरावाचं नाव घेतो, मालक, मजुरी कवा द्याल?"

शिपाई तोंड फिरवून हसला. साहेबांनी हसू दाबत नाव लिहिलं. मग काय, बायांची भीडच चेपली. एकीच्या उखाण्यात जिनाचा गळका पत्रा आला, दुसरीच्यात मुकादमाच्या शिव्या. चांदबीनंही वहाबमियांचं नाव घेऊन टाकलं, लाजून लाल होत.

माणिकराव साहेबांकडे झुकले. "थांबवा हो यायले. लग्नसराई तोंडावर हाय. मांडवामांडवात माह्या जिनाचेच उखाणे होतीन."

"मग तडजोड लिहू?"

"लिहा. येत्या बाजाराच्या दिवशी सगळी मजुरी देतो."

आणि दिली.

त्या बाजाराच्या संध्याकाळी पुंजाजी ओट्यावर फुगून बसला होता. "साहेबापुढं माह्यं नाव घेतलं म्हणे तू?"

"हाव."

"चारचौघांत? लोकं हासून राह्यले ना मले."

"फुकट घेतलं का?" गोजरबाईनं पिशवीतून कोरं धोतर काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. "घ्या. तुमच्या नावानंच आलं हे."

पुंजाजीनं धोतराचा काठ बोटांनी चाचपला. मग म्हणाला, "कसा होता वं तो उखाणा? मले त आयकव."